लिव्हरचे एन्झाइम वाढले म्हणजे औषध दुप्पट लागू? अहो नाही
आपल्या रामबागच्या ग्रुपवर दोन दिवस झाले फिरतंय की अमका काढा प्या, लिव्हरचे एन्झाइम वाढतात आणि मग कुठलंही औषध दुप्पट लागू पडतं. बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं हो. एन्झाइम वाढतात हे खरंय, काही पदार्थ पेशीतल्या पीएक्सआर नावाच्या रिसेप्टरला चिकटतात, तो जीन चालू करतो आणि सीवायपी३ए४ सारखी एन्झाइम जास्त बनायला लागतात, पण त्यांचं काम औषध मोडून बाहेर काढायचं, म्हणजे कामाला माणसं वाढली की माल लवकर संपणार ना! आमच्या काकूंना टीबीची रिफाम्पिसिन (हे औषध हीच एन्झाइम वाढवतं) सुरू झाली तर लघवी नारंगी झाली म्हणून त्या घाबरल्या (ते नॉर्मल असतं), खरी भानगड झाली रक्त पातळ करायच्या वॉरफरिनची, डोस तोच आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) खाली खाली, शेवटी डॉक्टरांनी डोस वाढवला. गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही असाच कमी होतो. आणि रिफाम्पिसिन थांबवली की लगेच सगळं जागेवर येत नाही, साधारण २ आठवडे लागतात, तेव्हा वाढवलेला डोस परत उतरवावा लागतो नाहीतर रक्तस्रावाची भीती.
आणि रिपोर्टमध्ये एसजीपीटी (हेही लिव्हरच्या पेशींमधलं एक एन्झाइम) वाढलं ही वेगळीच गोष्ट, ते पेशींना इजा झाली की रक्तात गळतं, त्याला ‘लिव्हर ॲक्टिव्ह झालं’ म्हणून पोहे-जिलबी वाटू नका. बाय द वे, काढ्यात नक्की काय घालायचं हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये.