मामांची ब्रँडी आणि आजीचं झाकण

थंडी पडली, की आमच्या ग्वाल्हेरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच: 'कफ सिरप म्हणजे विष. कोमट पाण्यात दोन चमचे ब्रँडी आणि मध घ्या. जंतू मरतात, छाती गरम राहते, झोप लागते. मुलांच्या छातीला चोळा.' पाठवणारे मामा एरवी दारूला शिवत नाहीत.

सिरपची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. 2025 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या सिरपनं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, कित्येक दगावली. त्यानंतर केंद्रानं कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं औषध देऊच नका, पाचच्या आतही शक्यतो नको. यात बाटली उघडा असं कुठे आलं? अल्कोहोलनं लहान मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते, आणि नुसतं चोळलं तरी ते कातडीतून, श्वासातून आत जातं.

जंतूंचं म्हणाल, तर सॅनिटायझरलासुद्धा किमान 60 टक्के अल्कोहोल लागतं. ब्रँडी 42.8 टक्के. तिचे दोन चमचे कपभर पाण्यात घातले, की उरतात जेमतेम तीन. तेही जाणार पोटात.

आमच्या आजीच्या फडताळात गंगाजलाच्या गडूमागे एक क्वार्टर असायची. झाकणानं मोजून घ्यायची आणि म्हणायची, "बघ, कशी ऊब आली." ऊब खोटी नव्हती. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता तिथे येते आणि बाहेर निघून जाते. गाल तापतात, अंग आतून निवतं. जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात पारा चार-पाचवर असताना हा भलताच सौदा.

झोप लागते, पण पहाटे मोडते. अन्ननलिकेची झडप सैल पडून आंबट वर येतं, की पुन्हा उबळ. सोबत सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली असेल तर धोका आणखी वाढतो.

मधाबद्दल मात्र मामांचं म्हणणं मान्य. झोपताना चमचाभर मधानं खोकला शमतो. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवू नका, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेची भीती असते.

"पण आजीला गुण यायचा ना?" यायचा. सर्दीचा खोकला दोन-तीन आठवड्यांत आपसूक जातो, श्रेय झाकणाला मिळतं. दोन आठवडे उलटूनही टिकला, तर थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.