‘दिवसातून 200 वेळा आवळा’ : त्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

भिशीच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर आणि तिथून माहेरच्या ग्रुपवर, असा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात फिरतोय. ‘भगिनींनो, लाजू नका’ अशी त्याची सुरुवात आहे. मजकुराचा गोषवारा असा : शिंकताना-खोकताना लघवी निसटणं ही बाळंतपणाची देणगी आहे, ते सोसायचंच असतं. सिझर झालेल्यांना, मूल न झालेल्यांना आणि पुरुषांना या त्रासाची भीती नाही. उपाय एकच, लघवी करताना रोज धार मध्येच थांबवायची आणि दिवसातून 200 वेळा खालची जागा आवळायची. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर हाच व्यायाम दुप्पट करायचा, कारण दुखणं मनाचं असतं. दुपारी चारनंतर पाणी बंद. आणि फिजिओथेरपीच्या नादाला लागू नका, ती गुडघ्या-कंबरेची, इथे नुसती लूट.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि याच स्नायूंवर काम करते. येणाऱ्या बायका मोबाइल पुढे करून विचारतात, “मॅडम, हे करू काय?” लाजू नका एवढं सोडलं तर त्या मेसेजातलं फारसं काही करण्याजोगं नाही.

सोसायचंच असतं, या मुद्द्यापासून सुरू करू. त्रास सर्रास आढळतो हे खरं. पण गुडघेदुखीही सर्रास आढळते, म्हणून तिचा इलाज कुणी सोडत नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो, लघवी-शौचाच्या वाटा बंद ठेवतो, गरज पडली की सैल सोडतो. गरोदरपणात आणि बाळंतपणात त्याच्यावर ताण येतो, पण तो इतर स्नायूंसारखाच व्यायामाने सुधारतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2018 साली 31 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात 14 देशांतल्या 1,817 बायका होत्या. खोकला-शिंकेबरोबर लघवी जाणाऱ्या ज्या बायकांनी हा व्यायाम केला, त्यांतल्या 56 टक्क्यांनी त्रास गेल्याचं सांगितलं. ज्यांना व्यायाम दिला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण 6 टक्के होतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की आधी किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम, ऑपरेशनचा विचार त्यानंतर.

सोसण्याची किंमत मात्र कुणी मोजत नाही. जोतिबाच्या डोंगरावर जायचं टाळायचं, वरातीत नाचायचं नाही, एसटीत बसण्याआधी दोनदा जाऊन यायचं, साडी गडद रंगाचीच घ्यायची. हे सगळं इतकं सवयीचं होतं की तो आजार आहे हेही विसरायला होतं. ‘अंग बाहेर येतंय’, म्हणजे गर्भाशय खाली उतरतंय, ही तक्रार तर कित्येकजणी सुनेलासुद्धा सांगत नाहीत. अंग थोडंच उतरलं असेल तर त्यालाही देखरेखीखालचा व्यायाम उपयोगी पडतो. जास्त उतरलं असेल तर आत बसवायची रिंग असते, ऑपरेशन असतं.

सिझर झालेल्यांना भीती नाही, हा दुसरा दावा. सिझरने धोका कमी होतो, जात नाही, कारण नऊ महिन्यांचा भार तर त्याही स्नायूंनी पेललेलाच असतो. आणि मूल नसलेल्यांचं म्हणाल तर स्वीडनमध्ये ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या 35 खेळाडू मुलींची पाहणी झाली होती. त्यांतल्या 28 जणींची सरावात लघवी निसटत होती. वय 12 ते 22. आपल्याकडे कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्या, वजनं उचलणाऱ्या मुलींना हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मुली कोचला सांगायला जात नाहीत. गावाकडे डोक्यावरचा वैरणीचा भारा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि शौचाला बसून कुंथणं, या सगळ्यांनी तोच थर वर्षानुवर्षं खाली ढकलला जातो. खोकल्यावर आणि पोट साफ होण्यावर इलाज न करता नुसते व्यायाम देणं म्हणजे अर्धंच काम.

पुरुषांना तर मेसेजवाल्याने एका ओळीत मोकळं केलंय. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी थेंब थेंब गळते तेव्हा हेच स्नायू कामी येतात. ताठरता टिकण्यातही त्यांचा वाटा असतो. ब्रिटनमध्ये ताठरतेची तक्रार असलेल्या 55 पुरुषांवरचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. या स्नायूंचा व्यायाम दिल्यावर सहा महिन्यांनी त्यांतल्या 40 टक्क्यांची ताठरता पूर्ववत झाली होती आणि आणखी सुमारे 35 टक्क्यांना फरक पडला होता. अभ्यास लहान आहे, पण पेपरातल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आता धार थांबवण्याचा मुद्दा. लघवी होताना मूत्राशय आकुंचन पावतं आणि खालचे स्नायू सैल होतात, दोघांचा मेळ मज्जासंस्था घालते. रोज मध्येच अडवलं की तो मेळ बिघडू शकतो आणि लघवी पुरती न होता मागे राहू शकते. नेमका कोणता स्नायू ते कळावं म्हणून एखाद्या वेळी थांबवून बघितलं तर बिघडत नाही, पण त्याचा नेम करायचा नाही. ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो त्या अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये तो मांडला तेव्हा बायकांना नुसतं ‘आवळा’ सांगून घरी पाठवलं नव्हतं. आकुंचन किती होतंय हे मोजायचं यंत्र त्यांनी बनवलं होतं. मोजण्याची गरज का, ते 1991 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. 47 बायकांना थोडक्यात तोंडी समजावून व्यायाम करायला लावला, तर जेमतेम निम्म्यांना तो नीट जमला. आणि चौथा हिस्सा बायका अशा पद्धतीने करत होत्या की त्रास वाढायची शक्यता होती. वर खेचण्याऐवजी त्या खाली जोर देत होत्या.

200 हा आकडा कुठून आला देव जाणे. नाइसच्या सूचनेत दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठ आकुंचनं, एवढंच आहे. वायू आणि लघवी एकदमच रोखायची आहे असं समजून आत-वर खेचायचं, काही सेकंद धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं. श्वास रोखायचा नाही, ढुंगण-मांड्या आवळायच्या नाहीत. सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. याच्या जोडीला एक साधी युक्ती शिकवते : शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की त्याच्या आधीच स्नायू आवळायचे. 1998 मध्ये यावर अभ्यास झालाय आणि आठवड्याभरातच गळणं कमी झाल्याचं त्यात आढळलं.

मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य चौथं आहे, दुखत असेल तर दुप्पट आवळा. या स्नायूंची तक्रार म्हणजे ते ढिले पडले, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. पुष्कळदा उलटं असतं. मूठ आवळलेलीच असेल तर ती आणखी आवळून हातात ताकद येत नाही, हात दुखतो. स्नायू असे सतत ताणलेले असले की संबंधाच्या वेळी दुखतं, आग होते, कधी कधी संबंध होऊच शकत नाही. लघवीला सुरुवात करायला वेळ लागतो, शौचाला अडतं. अशा बाईला आवळायचा व्यायाम दिला तर तिचं दुखणं वाढतं. तिला शिकायचं असतं सोडायला. पोट फुगू देत सावकाश श्वास, मांड्या सैल सोडणाऱ्या स्थिती, हाताने स्नायू मोकळे करणं आणि गरज असेल तर योनिमार्ग हळूहळू सैल करायच्या, लहान मापापासून सुरू होणाऱ्या नळ्या (डायलेटर), तेही तिच्या गतीने.

मग ‘मनाचं असतं’ ते? दुखण्याची कारणं शरीरातच असू शकतात : जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), बाळंतपणातल्या टाक्यांचा व्रण, पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी हवी. भीतीचा वाटा असतोच. एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच आवळून घेतं, त्याने पुन्हा दुखतं आणि भीती पक्की होते. पण या आवळण्यावर तिचा ताबा नसतो. 2013 साली मानसोपचाराच्या डीएसएम-5 या वर्गीकरणातही वेदना, भीती आणि स्नायूंचं आवळणं एकाच निदानाखाली आणलं गेलं, कारण ती वेगळी काढता येत नाहीत. नवीन लग्न झालेली जोडपी हे घेऊन येतात तेव्हा घरातून ‘गोड बातमी कधी?’ सुरू झालेलं असतं. मुलीला ‘नखरे करते’ म्हणून ऐकवलेलं असतं आणि नवऱ्याला मित्रांनी भलतेच सल्ले दिलेले असतात. तिथे ‘दुप्पट आवळा’ हा मेसेज सासूबाईंच्या ग्रुपवरून पोचला, तर काय होत असेल याचा विचार करा. दुखत असताना रेटून नेणं हा उपाय नाही, हे मी दोघांना समोर बसवून सांगते.

पाणी बंद करण्याबद्दल फार लिहायला नको. लघवी गडद झाली की मूत्राशयाला उलट जास्त टोचते, बद्धकोष्ठता वाढते आणि संसर्गाला वाव मिळतो. रात्री वारंवार उठावं लागत असेल तर झोपायच्या आधीचं पिणं थोडं कमी करा, दिवसभराचं नाही. कमी करायचाच असेल तर चहा करून बघा. घाई लागणाऱ्यांना त्याने फरक पडू शकतो.

राहता राहिली फिजिओथेरपी आणि लूट. पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यातच जातो : बाळंतपणं, ऑपरेशनं, पोट साफ होतं का, लघवी किती वेळा. तपासणी आतून करायची असेल तर आधी समजावून, परवानगी घेऊन, हातमोजे घालूनच. नको म्हणायचा आणि मध्येच थांबवायचा हक्क तुमचा, सोबत कुणी हवं असेल तर तेही चालतं. आतून तपासणी नकोच असेल तर पोटावरून सोनोग्राफी करूनही बरंच कळतं. फिजिओची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का आणि या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे बेधडक विचारा. लुटीची काळजी वाटत असेल तर ‘योनी घट्ट करणाऱ्या’ लेसरच्या पॅकेजांकडे बघा. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीएने 2018 मध्येच त्यांच्याबद्दल इशारा दिला होता. त्या मेसेजात त्यांच्याविषयी अवाक्षर नाही.

आणखी एक गोष्ट मेसेजात नाही, ती असायला हवी होती. लघवीतून रक्त, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव, ताप आणि लघवीला जळजळ, यांत आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. लघवी अचानक तुंबली, किंवा कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्रीच कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.