फटी बुजवून बिल निम्मं? पुण्यात तरी नाही

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. ‘घरातली 40 टक्के वीज फटींतून वाया जाते. दारं-खिडक्यांच्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवा, भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंग द्या, पावसाळाभर खिडक्या बंद ठेवा. ओल जाईल, बिल निम्मं होईल. परदेशात सगळी घरं अशीच हवाबंद असतात.’

आधी ते 40 टक्के. फ्रिज, गिझर, पंखे, मिक्सर यांची वीज कुठल्याच फटीतून बाहेर जात नाही. राहिला एसी. दहा बाय दहाच्या खोलीत साधारण 28 घनमीटर हवा मावते. समजा, फटींमुळे ती दर तासाला पूर्ण बदलते. बाहेर 37 अंश आहे आणि आत 25. ही हवा गार करायला एसीला तीस-पस्तीस वॉट जास्त लागतात, म्हणजे आठ तासांत पाव युनिट. हवेतला दमटपणा काढायची वीज धरली तर अर्धा म्हणा. तेवढ्या वेळात एसी स्वतः पाच-सहा युनिट सहज खातो. शिवाय पुण्यात रात्री बाहेर 37 अंश नसतंच. एसीच्या खोलीच्या दाराखाली रबरी पट्टी जरूर लावा, तेवढा सल्ला बरोबर आहे. पण शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांची खोली तापते ती डोक्यावरच्या स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या खिडकीमुळे. तिथे गच्चीवरचा पांढरा रंग आणि खिडकीबाहेरची सावली सिलिकॉनच्या दहा नळ्यांपेक्षा जास्त कामाची.

आता आतून लावायचा वॉटरप्रूफ रंग. खरं नुकसान इथे होतं. आपल्याकडे भिंत ओली होते ती बाहेरून. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर आदळतो. बीम आणि विटांच्या सांध्यात केसाएवढी भेग असते, खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार नसतो, गच्चीचा कोबा कठड्यापाशी फुटलेला असतो. पाणी तिथून शिरतं आणि भिंतीत मुरतं. काही वेळा तर पावसाचा संबंधच नसतो. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी झिरपत असतं. अशा भिंतीला आतून रंगाचा पक्का थर दिला की आत आलेलं पाणी खोलीकडे सुकू शकत नाही. ते रंगामागे साचतं, विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन पुढे येतं आणि दिवाळीपर्यंत फुगे, पोपडे, क्षारांचा पांढरा थर असं सगळं हजर होतं. मग लोक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात. रंगाचा काय दोष? पाणी जिथून शिरतं तिथे, म्हणजे बाहेरून, आणि भिंत कोरडी असताना भेगा भरायच्या असतात. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींना तर आतून असला वॉटरप्रूफ रंगही नको आणि सिमेंटचा गिलावाही नको. त्या भिंती ओल घेतात आणि सोडतात, म्हणून टिकल्या.

‘सगळ्या’ फटी बुजवा, हाही घातक शब्द. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. पट्टीत आलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर पडतं. हौसेने ती सिलिकॉनने भरली की पट्टी भरते आणि पाणी थेट आतल्या भिंतीवर उतरतं. ही भोकं दर मे महिन्यात जुन्या टूथब्रशने साफ करायची असतात.

परदेशाचा दाखला अर्धाच दिलाय. जर्मनीत डार्मस्टाट इथे 1991 साली पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणारं घर, उभं राहिलं. ते हवाबंद होतं हे खरं, पण वापरलेली हवा सतत बाहेर काढून ताजी हवा आत घेणारी यंत्रणाही त्यात होती. आपला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही.

आणि खिडक्या बंद ठेवून ओल जाईल कशी, ती तर घरातच तयार होते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून थोडी जास्तच वाफ तयार होते, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमागे बावीस-तेवीस लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत जातं. त्यात पावसाळ्यात घरातल्या दोरीवर वाळणारे कपडे. ती वाफ गार भिंतीवर आणि कपाटामागे बसते, तिथेच बुरशी धरते. पावसाने उघडीप दिली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

गॅस गिझर असलेल्या बाथरूमची झडपं तर कुठल्याही परिस्थितीत बुजवू नका. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास. अंघोळीला गेलेला माणूस तिथेच बेशुद्ध पडतो. मेसेजमध्ये हे वाक्य नाही, म्हणून पुढे पाठवायचाच असेल तर निदान एवढं जोडून पाठवा.