विभवाचं ऋण

गुरुत्वीय विभव हा शब्द मुलीच्या पुस्तकात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती 'वैभव'मधली छपाईची चूक वाटली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने विचारलं, "बाबा, हे विभव ऋण का असतं?"

"ऋण नसतंच," मी ठामपणे म्हणालो. उंचीवरच्या वस्तूच्या ऊर्जेचं 'एमजीएच' हे सूत्र (वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची) मला पाठ होतं. वस्तुमान धन, उंची धन, मग उत्तर ऋण कुठून येणार? पुरावा म्हणून मी स्टुलावर चढलो. "आता माझी ऊर्जा वाढली की नाही?"

"वाढली. पण मुळात किती होती?"

उत्तर न येण्याची नामुष्कीही उंचीप्रमाणे वाढते, हे तेव्हा कळलं. तिने पुस्तक वर दिलं. एक किलोची वस्तू अनंतावरून, वेग न घेऊ देता, एखाद्या बिंदूपाशी आणायला आपल्याला करावं लागणारं कार्य म्हणजे त्या बिंदूचं विभव. अनंतावर ते शून्य धरायचं. (अनंतावर वस्तू ठेवून आलं कोण, हे पुस्तक सांगत नाही.) पृथ्वी ती वस्तू स्वतःच ओढून घेते, आपण मागून नुसतं आवरून धरायचं. आपला जोर एकीकडे, वस्तूचं सरकणं दुसरीकडे. म्हणून कार्य ऋण.

ऋण! म्हणजे कर्जच की! इतक्यांदा वाचूनही मला शब्दातलं उत्तर दिसलं नव्हतं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर किलोमागे सुमारे ६.२५ कोटी ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं एकक) कर्ज. माझं वजन ८० किलो. "वस्तुमान," मुलीने दुरुस्ती केली. असो, डोक्यावर ५०० कोटी ज्यूल, आणि इतक्या वर्षांत एक साधी नोटीस नाही!

फेडायचं कसं? एकरकमी हवं तर सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने सुटायचं, हवेचा अडथळा धरला नाही तर. त्याला मुक्तिवेग म्हणतात, आणि लठ्ठ-बारीक सगळ्यांना तो सारखाच. गणितात मला पहिल्यांदाच माणुसकी दिसली. हप्त्यांनी फेडायचं तर सुमारे ६,३७० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येइतकं वर चढायचं, निम्मं फिटतं. आणखी तेवढंच चढलं की उरलेलं निम्मं फिटेल असं मला वाटलं. नाही. एक तृतीयांश उरतंच. शेवटचा ज्यूल अनंतावर.

"मग खालीच जाऊ," मी म्हणालो. "पृथ्वीच्या केंद्रात ओढ शून्य. कर्ज माफ!"

"नाही हो बाबा. घनता सगळीकडे सारखी धरली तर तिथे दीडपट होतं."

"ओढ नसताना?"

"खड्ड्याच्या तळाशी जमीन सपाट लागली, म्हणून काय आपण खड्ड्याबाहेर आलो?"

मी हिशेब केला. अर्ध्या मीटरच्या स्टुलावर उभं राहून मी आतापर्यंत ३९२ ज्यूल फेडले होते. पाय दुखायला लागले, तसा खाली उतरलो. तेवढेही परत खात्यावर चढले.