तो फोटो, बुंदी आणि गुहागरचा किनारा

नमस्कार. माझ्या गुहागरच्या लेखाखाली तुम्ही नाव न लिहिता फक्त 'एक गुहागरकर' एवढंच लिहिलंत, म्हणून दादा म्हणते. चालेल ना?

'ताई, तुमची हौस होते आणि आमच्या कासवांची अंडी जातात. फेब्रुवारीत कुत्रं मोकळं सोडून वर फोटो टाकता? त्या मुक्या जिवाला आठ तास गाडीत कोंबून आणायचं तरी कशाला? शहरातली कुत्री शहरातच ठेवा.' हे तुमचं म्हणणं. वाचल्यावर आधी रागच आला. तावातावाने उत्तरही लिहून काढलं, की अंडी तर कासवमित्र, म्हणजे कासवांची राखण करणारी माणसं, उचलून कुंपणाच्या आत नेऊन पुरतात, मग आमची कुत्री बुंदी कुठली उकरणार! बरं झालं पाठवलं नाही.

कारण नंतर तो फोटो मोठा करून पाहिला. सकाळचे पावणेसात. बुंदी सुरूच्या बनालगत, भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत पंजे मारतेय. ती खेकड्याच्या मागे होती, पण कासवाची मादी रात्री अंडी घालायला येते ती नेमकी याच पट्ट्यात. हातभर खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. मागे उरतो तो फक्त तिच्या पायांचा वाळूवरचा माग. पहाटे गस्त घालणारे कासवमित्र तोच हुडकत चालतात. माग दिसला तर घरटं सापडणार. आणि आम्ही दोघं नवराबायको नि आमचं चार पायांचं माणूस, तीच वाळू तासभर तुडवत होतो! गस्त तिथवर येऊन गेली की नाही, याची चौकशीसुद्धा न करता. जे घरटं माणसाला सापडत नाही ते रात्री कोल्ह्याला बरोबर सापडतं. तेव्हा दादा, तुम्ही लिहिलंत त्याहून माझी चूक मोठी आहे. बुंदीने अंडं उकरलं नसेल, पण माग पुसला असू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळास गावात २००२ पासून लोक कासवांच्या अंड्यांसाठी झोपमोड करतायत. त्यांच्यापुढे 'आमची बुंदी गरीब आहे हो' हे काय उत्तर झालं?

मोकळं सोडण्याचा आणखी एक प्रताप मी मूळ लेखात लिहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने वाळूतला एक फुगीर मासा तोंडात धरला. लांबून एक कोळी मामा ओरडले, "केंड आहे तो, सोडवा आधी!" केंड विषारी, आणि मेला, वाळला तरी विष जात नाही. पट्टा हातात असता तर तिला धावत जाऊन पकडायची वेळ आली नसती. त्या दिवसभर मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

गाडीत कोंबण्याबद्दल मात्र थोडं भांडते. पहिल्या खेपेला कुंभार्ली घाटात तिने दोनदा ओकारी काढली, तेव्हापासून निघण्याआधी चार तास खायला देत नाही आणि पाटणला नि कोयनानगरला उतरवून पाणी पाजते. आता चिपळूण येईपर्यंत झोपते. पुण्यात एका खोलीत दोन दिवस बंद राहण्यापेक्षा तिला हे बरं वाटतं, एवढं मला तिच्या शेपटीवरून कळतं. गुहागरात खालच्या पाटावर ज्यांच्याकडे उतरलो त्या आजींना आधी फोनवर विचारलं होतं. "माजघरात नको हो, पडवीत चालेल," म्हणाल्या. अंगणात सुपारी वाळत होती, म्हणून तिला मागीलदारी बांधलं. तिची घाण मी स्वतः पिशवीत उचलते.

'शहरातली कुत्री' हेही पटलं नाही. बुंदी गावठीच आहे, आमच्या सोसायटीतल्या स्कूटरखाली सापडलेली. आणि वाळूत गाड्या गरागरा फिरवणाऱ्या पाहुण्यांवर तुम्ही एक ओळ तरी लिहायला हवी होती. पट्ट्याला बांधलेली कुत्री ओल्या वाळूतून चालली तर त्यापेक्षा कमीच नुकसान करील.

तो फोटो लेखातून हटवलेला नाही. त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलंय की नोव्हेंबर ते मे हे असं करू नका, का करू नका तेही. मार्चअखेर पुन्हा येतोय. सकाळी बुंदी आजींच्या पडवीत राहील, संध्याकाळी पट्ट्याला बांधून पाण्याच्या कडेने. गस्तीवाले साधारण किती वाजता परततात, तेवढं मात्र कळवा.