टाकीतली माती मासे मारते का?

‘माशांच्या टाकीत पाणवनस्पतींसाठी माती घातली की पाणी कायम गढूळ राहतं आणि तळातल्या विषारी वायूने मासे मरतात’ असा एक दावा फिरतोय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

पाणी गढूळ होतं ते माती उघडी राहिल्यावर. चाळलेल्या मातीचा जेमतेम २ ते ३ सेंटीमीटरचा थर द्या, वर तेवढ्याच जाडीचा भरड वाळूचा किंवा बारीक खडीचा थर पसरा आणि त्यावर ताटली ठेवून तिच्यावर पाणी हळू सोडा. मग पाणी नितळ राहतं. (रुजलेलं झाड उपटलंत तर मात्र चिखल वर येणारच.)

वायूचं म्हणाल तर सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड खरंच विषारी असतो. पण तो साठतो जाड, दाबून बसलेल्या, ऑक्सिजन न पोचणाऱ्या थरात. थर पातळ असेल आणि झाडं दाट असतील तर मुळं मातीत ऑक्सिजन सोडतात. थोडा वायू वर आलाच, तरी ऑक्सिजनयुक्त पाण्यात त्याचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन तो निरुपद्रवी बनतो.

मासे मरतात ते बहुतेकदा घाईमुळे. नवी माती सुरुवातीचे काही आठवडे माशांना विषारी असलेला अमोनिया सोडते, शेणखत किंवा युरिया मिसळलेली तर फारच. म्हणून खत नसलेली माती घ्या, पहिल्याच दिवशी भरपूर झाडं लावा, आणि पाण्याच्या चाचणीत अमोनिया व नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, तेही विषारी) दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे सोडू नका. तळ उकरणाऱ्या गोल्डफिशसाठी मात्र हा प्रकार नकोच.