‘सातवीतच हे सांगायची काय घाई?’

पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: सहावी-सातवीत लैंगिक शिक्षण नको, कारण वयात आलं की सगळं आपोआप कळतं; आधी सांगितलं तर मुलं करून बघतात; हे आपल्या संस्कृतीत नाही; आणि सांगायचंच तर घरी सांगू, शाळेने यात पडू नये.

आधी ‘आपोआप’चं बघू. वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये 8 ते 13, मुलग्यांमध्ये 9 ते 14 या वयात होते. बहुतेकींना पाळी सहावी-सातवीच्या सुमारास येते. राज्य मंडळाच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा सविस्तर धडा मात्र दहावीला. सुरुवातीच्या वर्षांत दोन पाळ्यांमध्ये 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, स्राव कमी असला तरी पॅड 4 ते 6 तासांनी बदलायचं, तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा स्राव 7 दिवसांपुढे गेला तर डॉक्टर गाठायचा. यातलं आपोआप काय कळतं?

मुलग्यांना तर कुणी काहीच सांगत नाही. झोपेत वीर्य जाणं ही साधी शारीरिक घटना, पण तिचं नावच आपण ‘स्वप्नदोष’ ठेवलंय. मग ‘कमजोरी’वाल्या भिंतीवरच्या जाहिराती त्यांच्या गुरू होतात. लाजेची किंमत कधी फार मोठी असते. वृषणात अचानक जोराची कळ आली, सोबत उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण 6 तासांत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता चांगली. ‘पोटात दुखतंय’ म्हणत मुलाने रात्र काढली, तर वृषण काढून टाकावा लागू शकतो.

‘करून बघतात’ ही भीती खरी ठरलेली नाही. युनेस्कोच्या लैंगिक शिक्षणावरच्या 2018 च्या मार्गदर्शिकेसाठी अनेक देशांतले अभ्यास तपासले गेले. अशा शिक्षणाने लैंगिक संबंध वाढल्याचं दिसलं नाही. शिवाय सातवीत शिकवायचं काय, तर शरीरातले बदल, स्वच्छता, नकार आणि नकोसा स्पर्श. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत 53 टक्के मुला-मुलींनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं होतं, आणि त्रास देणारे निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. ‘अनोळखी काकांपासून सावध’ एवढ्याने भागत नाही.

संस्कृतीबद्दल एवढंच: समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र 1921 साली काढलं होतं. म्हणजे हा विषय आपल्याकडे नवा नाही.

राहिला ‘घरी सांगू’ हा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. शाळेने धडा घ्यावा, त्याआधी पालकसभेत मजकूर दाखवावा. पण चाळीस जणांच्या वर्गात न विचारलेला प्रश्न घरीच येणार. त्यासाठी बैठक भरवून व्याख्यान देऊ नका. भाजी निवडताना, स्कूटरवरून जाताना विषय सोपा जातो, कारण डोळ्याला डोळा भिडत नाही. आधी विचारा, ‘तुला काय माहितीये?’ मग विचारलं तेवढंच सांगा. लिंग, योनी, वृषण हे शब्द नाक-कान म्हणतो तसे उच्चारा. उत्तर येत नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हणा, आणि उद्या सांगाच. नाहीतर पुढचा प्रश्न मोबाइलला जातो. बाबांनीही बोलावं, मुलीशीसुद्धा.

मुलाने किंवा मुलीने अत्याचाराचं सांगितलं, तर ‘तू तिकडे गेलीसच का?’ हे तोंडातून निघता कामा नये. खोदून खोदून विचारू नका. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली ही माहिती देणं बंधनकारक आहे, अत्याचारी नात्यातला असला तरी.